तारांची उंची

दादा दुकानात आला की आधी चेष्टा व्हायची, मग चहा, मग काम. आज तो सरळ टेबलापाशी आला आणि गिटारची पेटी त्याने अशी आदळली, की स्क्रूंची वाटी कलंडून निम्मे स्क्रू जमिनीवर गेले.

"खरखरतेय," तो म्हणाला. "सातव्या फ्रेटच्या पुढे सगळीकडे. फ्रेट झिजलेत. घासून दे. संध्याकाळी रेकॉर्डिंग आहे."

बारकी टेबलाखाली वाकून स्क्रू गोळा करत बसली. स्क्रू काही पळून जाणार नव्हते, पण वर बघायच्या आधी तिला चेहरा सावरायचा होता. गिटार का खरखरते हे तिला पेटी उघडण्याआधीच माहीत होतं. फ्रेटचा, दांडीवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्यांचा, त्यात काही दोष नव्हता. दोष तिचा होता.

बारकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. पन्नाशी समोर दिसू लागली तरी नाव बारकीच राहिलं. इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. ही विद्या तिला दादानेच दिलेली. दादा वाजवणारा. उभी हयात त्याने दुसऱ्यांच्या गाण्यांत गिटार वाजवण्यात घालवली. गाणी ऐकणाऱ्यांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण गाणी करणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी एकदा 'तारा कडक लागतात' म्हणून तो गिटार घेऊन आला. बारकीने तपासली. तारा नेहमीच्याच जाडीच्या, नेहमीच्याच उंचीवर. मग तिने त्याला वाजवायला सांगितलं, आणि तिला दिसलं की त्याच्या डाव्या हाताची करंगळी तारेवर टेकते पण दाबत नाही. शेजारचं बोटही करंगळीच्याच वाटेवर होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दादाचा राग नाकावर, आणि हाताचा विषय तर घरात काढायची सोय नव्हती. वहिनी एकदा 'जरा विश्रांती घ्या' म्हणाली, तर हा माणूस कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नव्हता. बारकी मूग गिळून बसली. तिने तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजवरच्या बारक्या स्क्रूंना पाव वेढा दिला, तारा फ्रेटच्या जरा जवळ आणल्या. तार जवळ आली की दाबायला जोर कमी लागतो. दादाने वाजवून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"बारके, जादू आहे तुझ्या हातात," तो म्हणाला.

ते तिला फार आवडलं, हे कशाला लपवायचं. ज्याच्या तोंडून जन्मात 'ठीक आहे'च्या पुढे शब्द निघाला नाही, तो असं बोलल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? तो पुन्हा आला, तिने पुन्हा पाव वेढा दिला. मग तिने त्याला न सांगता बारीक तारा चढवल्या. मग एकदा 'जरा साफ करते' म्हणून फ्रेटही घासले, तारा आणखी खाली बसाव्यात म्हणून. आता त्या इतक्या खाली आल्या होत्या, की छेडलेली तार थरथरताना पुढच्या फ्रेटवर आपटत होती. खरखर होती ती हीच. आणि याहून खाली जायला जागा उरली नव्हती.

"स्क्रू मोजतेस का तिथं?" दादाने वरून विचारलं.

ती उठली, पेटी उघडली, गिटार बाहेर काढून टेबलावरच्या गादीवर आडवी ठेवली.

"रेकॉर्डिंग कसलं?"

"तेच गाणं. मधला गिटारचा तुकडा." तो खुर्चीच्या कडेवर बसला. "मागच्या खेपेला सगळे टेक फुकट गेले. संगीतकार म्हणतो, दादा, खरखर ऐकू येते. म्हटलं, गिटार दाखवून आणतो. तर म्हणतो, आज स्वच्छ आलं तर उत्तम, नाहीतर दुसऱ्याला बोलावून ठेवलंय. तुकडा मी बसवलेला. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून. आणि वाजवणार दुसरा."

हे तो ओरडून बोलला असता तर बारकीला सोपं गेलं असतं. तो हळू बोलला.

तिने तपासायचं सोंग घेतलं. सोंग म्हणजे काम खरंच केलं, फक्त उत्तर आधी माहीत होतं. गिटार उचलून तिने एक डोळा मिटला आणि दांडीच्या कडेवरून नजर टाकली. दांडी वाकली तरी तारा खरखरतात. दांडी हवी तशी होती, अगदी किंचित खोलगट. आतली लोखंडी सळई पिळायची गरज नव्हती. मग तिने छोटी पोलादी पट्टी घेतली. एका वेळी तीन फ्रेटवर टेकणारी ही पट्टी. मधला फ्रेट वर आलेला असेल तर ती डुगडुगते. बारकी पट्टी एकेक घर पुढे सरकवत गेली आणि दादा कान देऊन बसला.

"डुगडुगली?"

"नाही."

"सातव्याच्या पुढे बघ."

"तिथंच आहे. नाही डुगडुगत."

"मग नीट बघ. खरखर हवेतून येत नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वहिनी होती. बारकी फोन कानाला लावून दाराकडे गेली.

"आलेत का तिकडे?" वहिनी विचारत होती. "किल्ली दारालाच लटकवून गेलेत. फिरतच नव्हती हातात, म्हणून वैतागले. शर्टाची बटणंही हल्ली मीच लावते. तुझ्याकडे काही बोललेत का हाताचं?"

"घाईत असेल गं," बारकी म्हणाली. "रेकॉर्डिंग आहे ना."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. वहिनीने तिच्या पुढ्यात दार उघडून दिलं होतं आणि तिने ते लोटून घेतलं होतं. वेळ मारून नेण्याची तिला आता इतकी सवय झाली होती, की थाप मारताना आवाजही बदलत नव्हता.

टेबलाशी परत येऊन तिने ॲलन की, ते स्क्रू फिरवायची षटकोनी किल्ली, घेतली आणि वरच्या तारा अगदी थोड्या उचलल्या. जमलं तर जमलं. संध्याकाळ निभावली की उद्याचं उद्या. दादाने गिटार मांडीवर घेतली, आवाज मोठा करणारा अँप सुरू केला, आणि मधला तुकडा सुरू केला. सुरुवातीला तर्जनी आणि मधल्या बोटाचं काम होतं. ते लखलखीत आलं. बारकीचा जीव भांड्यात पडायला लागला. मग करंगळीची पाळी आली आणि सूर मध्येच मेला. दादाने पुन्हा घेतला, पुन्हा मेला. त्याने दात आवळून जोर लावला, तेव्हा अंगठा दांडीच्या मागे पांढरा पडला, आणि सूर आला तो फाटका.

"कडक केलीस," तो म्हणाला. "खाली घे."

"खाली घेतली की खरखरते."

"म्हणून तर फ्रेट घास म्हणतोय. इतका वेळ मी काय भिंतीशी बोलतोय?"

आता तिची पाचावर धारण बसली. फ्रेट आणखी घासायचे तर धातू होता कुठे? मागच्याच खेपेला ते जवळजवळ लाकडापर्यंत येऊन ठेपले होते. आणखी कानस फिरवली तर गिटार कामातून जाणार. आणि घासायचे नाहीत, तर का नाही हे सांगावं लागणार. तिने तारा सैल केल्या, फ्रेटच्या मधल्या लाकडावर कागदी चिकटपट्टी लावत बसली. एरवी हे काम ती बोलता बोलता उरकते. आज तिने पट्टीचा एकेक तुकडा नखाने दाबून दाबून बसवला. मग कानस उचलली आणि फ्रेटवर धरली. धरूनच राहिली.

"मुहूर्त बघतेस का?" दादाने घड्याळाकडे पाहिलं. "राहू दे. वेळ जाईल यात. दुसरी दे एखादी. ती काळी दे."

भिंतीवर दुरुस्त झालेल्या गिटारी टांगलेल्या होत्या. काळी गिटार दाराच्या बाजूला होती, तिच्या मानेत गिऱ्हाइकाची चिठ्ठी अडकवलेली.

"ती लोकांची आहे, दादा."

"खाऊन टाकणार नाहीये मी तिला. उद्या आणून देतो."

"नको. तिचं अजून काम बाकी आहे."

"चिठ्ठी लावलीस म्हणजे काम झालंय. मला शिकवतेस?"

तो उठला. बारकी मध्ये उभी राहिली असती, पण उभी राहून सांगणार काय होती? त्याने गिटार खाली काढली, पट्टा खांद्यावर घेतला, अँपची वायर तिला जोडली आणि थेट करंगळीच्या जागेपासून सुरुवात केली.

खरखर.

त्याने थांबून तारेकडे पाहिलं. पुन्हा छेडली. तीच खरखर, आणि मग काहीच नाही.

"हीही खरखरते," तो म्हणाला.

अर्धवट दाबलेली तारही खरखरते, हे बारकीला ठाऊक होतं.

"कोणाची आहे?"

त्याने चिठ्ठी उलटून स्वतःच पाहिली. एका शाळकरी मुलीचं नाव होतं. "तिनं वाजवून बघितली?"

"काल."

"मग?"

"चांगली वाजली."

दादाने काळी गिटार परत खुंटीला लावली, आणि कोपऱ्यातली बारकीची स्वतःची गिटार उचलली. ही गिटार त्यानेच तिला जोडून दिली होती. हिची दांडी त्याच्या हाताखालून गेलेली, हिच्यात काय आहे नि काय नाही हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. त्याने ती अँपला जोडलीही नाही. कान दांडीच्या टोकाला टेकवला. लाकूड खोटं बोलत नाही असं तोच सांगायचा, आणि गिटार तपासायची ही त्या दोघांची पद्धत होती. करंगळी तारेवर ठेवली. छेडली. बारकीला टेबलाच्या पलीकडून खरखर ऐकू आली, तर त्याला कानाशी किती मोठी ऐकू आली असेल.

त्याने करंगळीने दुसरी तारही छेडून पाहिली.

मग म्हणाला, "चकती दे."

"कसली चकती?"

"बारके."

तिने खण उघडला. पितळी चकती तिथे पुढेच होती. बारकीला शिकवायला घेतलं तेव्हा दादाने ती स्वतः घासून केली होती, त्याच्या गिटारच्या मापाची. बाराव्या फ्रेटवर, तारेच्या खाली, ही चकती अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. याच्या खाली तार न्यायची झाली तर आधी मला विचारायचं, हा त्याने घालून दिलेला एकमेव नियम. चकती तिने जपून ठेवली होती. नियम मोडला होता.

"माझ्या तारा ताण," तो म्हणाला.

तिने त्याच्या गिटारच्या तारा पुन्हा सुरावर आणल्या. दादाने चकती उजव्या हातात घेतली आणि बाराव्या फ्रेटशी तारेखाली सरकवायला गेला. गेली नाही. त्याने दुसऱ्या तारेखाली बघितलं, तिसऱ्या तारेखाली बघितलं. सगळ्या तारांनी चकती बाहेरच अडवली.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी तू तारा कडक लागतात म्हणालास, तेव्हापासून."

"तेव्हा काय दिसलं तुला?"

"करंगळी दाबत नव्हती."

"आणि तू तार खाली घेतलीस."

"तुला बरं वाटलं, दादा. तू किती खूश झालास. मला सांगवेना रे. म्हटलं, थकला असेल, होईल ठीक. मग पुढच्या वेळी आणखी थोडं... मग सांगायचं तरी कसं? मला भीती वाटली."

दादाने डावा हात उजेडात धरला. वर्षभर त्याने हा हात वाजवायला वापरला होता, पण पाहिला नसावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसला होता, खळगा पडला होता तिथे. करंगळी आपोआप वाकडी राहत होती.

"मुंग्या येतात हिला," तो म्हणाला. "मला वाटलं, हात अंगाखाली घेऊन झोपतो म्हणून. दुसऱ्या कशाचा संशयच आला नाही. गिटार तर वाजत होती. एवढी हलकी वाजत होती, की म्हटलं, या वयात हात सुधारलाय आपला."

तो हसला असं वाटलं, पण ते हसणं नव्हतं.

"मला गिटार सांगणार होती गं. दाबली गेली नसती, तर त्याच दिवशी कळलं असतं मला. घरी बायको विचारते, तिच्यावर डाफरलो मी. तुझ्यावरही डाफरलो असतो. पण हिच्यावर डाफरता आलं नसतं. तू हिचंच तोंड बंद केलंस."

बारकीला वाटलं, याने हात उगारला असता तरी चाललं असतं. लहानपणी त्याने एकदा तिच्या कानाखाली वाजवली होती आणि दोघं तासाभरात पुन्हा एका ताटात जेवत होती. आज तो इतका शांत होता की तिला जवळ जायची हिंमत होईना.

दादाने खिशातून फोन काढला, संगीतकाराला लावला. "ज्याला बोलावून ठेवलंय त्याच्याकडून वाजवून घ्या," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "नाही, गिटारला काहीही झालेलं नाही. हात चालत नाही माझा." पुन्हा काहीतरी. "त्याला सांगा, शेवटचा सूर घाईने सोडायचा नाही. धरून ठेवायचा." त्याने फोन बंद केला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"आता ही दुरुस्त कर."

"काय करू?"

"खरखर काढ म्हणून आलो होतो ना? काढ."

तिने केलं. बारीक तारा उतरवल्या, चिकटपट्टी सोलून काढली, त्याच्या जुन्या जाडीच्या तारा चढवल्या. जाड तारांच्या ताणाने दांडी जरा ओढली गेली, म्हणून सळई किंचित आवळली. मग ब्रिजवरचा एकेक स्क्रू, गेल्या वर्षभरात चोरून खाली नेलेला, तिने उलटा फिरवला. दर वेढ्याला चकती तारेखाली घालून बघत होती. दादा समोर बसून पाहत होता. वर्षभराचं पाप उपसायला फारसा वेळ लागला नाही.

शेवटी चकती सगळ्या तारांखालून अलगद गेली. बारकीने गिटार मांडीवर घेतली आणि सातव्याच्या पुढचा एकेक फ्रेट वाजवून पाहिला. सूर स्वच्छ होता. कुठेही खरखरीचा कण नव्हता. फ्रेट घासलेले असूनही गिटार पहिल्यासारखी वाजत होती, आणि ते ऐकताना बारकीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही, कारण हात तारांवर होते.

"गेली खरखर," दादा म्हणाला. "आण इकडे."

त्याने करंगळी ठेवली आणि छेडली. खरखर झाली. बारकी नकळत पुढे झाली, त्याच्या करंगळीवर स्वतःचं बोट ठेवून दाबायला. तिला शिकवताना तो असंच करायचा, तिच्या इवल्या बोटावर आपलं बोट ठेवून. त्याने हात मागे घेतला.

"नको. ऐकू दे मला," तो म्हणाला, आणि पुन्हा छेडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं डॉक्टरकडे गेली. वहिनी दादाच्या एका बाजूला, बारकी दुसऱ्या बाजूला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दादाला अंगठा आणि तर्जनीत कागद घट्ट धरायला सांगितला आणि ओढला. कागद सहज निघून आला. त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने टिचकी मारली, तशी दादाच्या तोंडून 'स्स' निघालं आणि त्याने करंगळी चोळली.

"इथं नस दबलेली दिसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासण्या करू, बहुतेक ऑपरेशन लागेल. पण बोटांत किती जोर परत येईल, ते नस किती दिवस दबून आहे त्यावर. हे सुरू कधी झालं?"

दादाला ते सांगता येईना. त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीला बटणांचं आणि किल्लीचं ठाऊक होतं, पण ते अलीकडचं. मग त्याने बारकीकडे पाहिलं.

खोलीत ते ठाऊक असणारं माणूस एकच होतं. बारकीने सांगितलं. पहिल्यांदा करंगळी कधी घसरली, शेजारचं बोट कधी ढिलं पडलं, जोर किती उतरला, पुढच्या खेपेला आणखी किती, सगळं सांगितलं. प्रत्येक पाव वेढा तिच्या ध्यानात होता. सांगताना ती खाली फरशीकडे बघत होती, आणि वहिनी तिच्याकडे बघत होती.

डॉक्टरीणबाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. "एवढं सगळं दिसत होतं," त्या दादाला म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही आलात?"

बारकीने डोळे मिटून घेतले. आता तो सांगेल, आणि सांगायलाच हवं.

दादा डावा हात उजव्या हाताने चोळत होता.

"तेव्हा गिटार छान वाजत होती," तो म्हणाला.